पूल मोठाच बांधा

शेरिफ ट्रॉयने लष्कराची ती जुनी चिलखती गाडी आणली, त्या दिवशी तिला ठेवायला गावात जागाच सापडेना. शेरिफच्या गॅरेजचं दार बुटकं. आगीचा बंब ठेवतात तिथलं दार उंच, पण त्यांचाच नवा बंब तिथे जेमतेम मावलेला. शेवटी ते धूड हॅल्स्टनच्या धान्यकोठारामागे उघड्यावर उभं केलं आणि वरून ताडपत्री टाकली. ताडपत्रीही पुरली नाही. चाकं उघडीच राहिली, आणि एकेक चाक माझ्या छातीला लागेल एवढं.

"अरे, लढाई कुणाशी आहे?" मी ट्रॉयला विचारलं.

त्याला मी असं बोलू शकते. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला माझा. या काउंटीत पन्नाशीच्या आतला जो कोणी आहे, त्याच्या ताटात मी मटार वाढलेत आणि त्याने ते गुपचूप कचऱ्यात टाकलेलेही बघितलेत.

"मिसेस क्वामे, फुकट मिळाली," ट्रॉय म्हणाला. "इराकमधून परत आलेली आहे. नुसता आणायचा खर्च."

"फुकट मिळाला म्हणून हत्ती बांधशील का दारात?"

"सुरक्षेसाठी लागते हो."

"कसली डोंबलाची सुरक्षा! गेल्या वर्षीची आपली सगळ्यात मोठी चोरी म्हणजे मेथडिस्ट चर्चच्या तळघरातला कॉफीचा पिंप."

"तो सापडला," ट्रॉय म्हणाला. त्याला लागलं असावं. आणि सापडला होता, हे खरं. आमच्याच लुथरन चर्चमध्ये सापडला होता, म्हणून मी पुढे बोलले नाही.

माझा नवरा ऑर्लिन माझ्याकडे लक्षच देत नव्हता. तो गाडीखाली वाकून बघत होता. "केवढा आस आहे हा!" म्हणत होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, गेल्या वसंतात हृदयाचा झटका येऊन गेलेला, डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलेलं, आणि हा बाबा गाडीच्या पोटाखाली. मी त्याच्या पट्ट्याला धरून मागे ओढला.

तसं बघायला गेलं तर एकट्या ट्रॉयला का बोला? आमच्याकडे सगळंच वाढत चाललंय. ट्रॉयच्या आधीचे शेरिफ साध्या बुटक्या मोटारीतून फिरायचे. रस्त्यात भेटले की काचेतून हात बाहेर काढून बोलायचे. आता यांचे पिकअप असे, की मी शेजारी उभी राहिले तर आतल्याला माझं नुसतं केसांचं टोक दिसतं. शेतकऱ्यांचे हार्वेस्टर रस्त्याच्या दोन्ही कडा चाटत जातात. आमची अँब्युलन्ससुद्धा नवी आली ती एवढी, की चढायला दोन पायऱ्या. एकाने मोठी घेतली की दुसऱ्याला त्याच्यासमोर आपली गाडी लहान वाटते, भीती वाटते, मग तोही मोठी घेतो. माझी ब्युइक तेवढी जुनी आणि बुटकी राहिली, कारण ती मरत नाही.

आमचं घर गावाच्या पश्चिमेला, दोन मैलांवर. मध्ये बीव्हर ओढा आणि त्यावर लोखंडी पूल, ऑर्लिनच्या आजोबांच्या वेळचा. पुलाच्या तोंडाशी पाटी होती, 'आठ टन'. पोरांनी बंदुकीचा नेम धरून धरून तिची चाळण केली होती, पण आकडा सगळ्यांना पाठ होता. पाठ होता आणि कोणी पाळत नव्हतं. मक्याने भरलेले ट्रक खुशाल जायचे. पूल कुरकुरायचा आणि धरून राहायचा.

ऑर्लिनला झटका आला तेव्हा अँब्युलन्स याच पुलावरून आली होती. मी फोन ठेवला, त्याच्या कॉलरचं बटण काढलं, आणि दारात गाडी उभी. डॉक्टर नंतर मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, "वेळेत आणलंत म्हणून आहेत. पुन्हा आला, तर मिनिटांचा खेळ आहे, एवढं लक्षात ठेवा." मी लक्षात ठेवलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी मनातल्या मनात तो रस्ता चालून बघायची: आमचं फाटक, शेजारच्या वेनचं शेत, पूल, कोठार, दवाखाना. दोन मैल. जीव थाऱ्यावर यायचा आणि मग झोप लागायची.

जूनमध्ये आठवडाभर पाऊस लागला आणि ओढा फुगला. पुलापलीकडचा, गावाकडचा सखल रस्ता पाण्याखाली गेला. आमचं घर उंचावर. तळघर कोरडं, फ्रीजर भरलेला, कॉफी होती. आम्ही पत्ते खेळत बसलो होतो आणि ऑर्लिन लबाडी करत होता. एवढ्यात ट्रॉयचा फोन.

"ऑर्लिन, तुम्हाला दोघांना न्यायला येतोय. गाडी काढतोय."

कुठली गाडी हे विचारायची गरज नव्हती. वर्षभरात एकदाही खऱ्या कामाला वापरली नाही तर लष्कराला परत द्यावी लागते, असा नियम होता म्हणे. वर्ष संपत आलं होतं, आणि ती गाडी तोवर एकदाच बाहेर पडली होती, चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत, पोरांना टॉफ्या वाटायला.

"अरे, कशाला त्रास घेतोस," ऑर्लिन म्हणाला.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे 'कशाला त्रास घेतोस' याचा अर्थ 'नको' असाही होतो आणि 'ये' असाही होतो. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं, ही आमची रीत. उपाशी माणूससुद्धा शेवटच्या तुकड्याला हात लावत नाही. तो तुकडा ताटात कोरडा होतो आणि मग यजमानीण तो कोंबडीला घालते. ट्रॉय याच मातीतला. त्याने ते वाक्य 'ये' असं घेतलं. आणि ऑर्लिनच्या डोळ्यांत बघून मला कळलं, की त्यानेही ते तसंच म्हटलं होतं.

"आपल्याला काय धाड भरलीये?" मी म्हटलं. "आपण बुडतोय का?"

"अगं, पोरगा एवढा येतोय," म्हणत हा बूट घालायला लागलासुद्धा.

आला ट्रॉय. पाणी कापत आला, पुलावरून आला, अंगणातल्या माझ्या पिओनीच्या फुलझाडांवरून आला. मागे वर्तमानपत्राची मुलगी कॅमेरा घेऊन. मला शिडी लावून आत चढवलं. आत लोखंडाचा आणि जुन्या तेलाचा वास, खिडक्या बशीएवढ्या. ऑर्लिनला पुढे बसवलं. डोक्यावर मोठं हेल्मेट, चेहरा लाल, आणि असा खूश की आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हता तेवढा.

"काय दिसतंय रे?" मी मागून ओरडले.

"सगळं!" तो म्हणाला. "आर्डिस, वेनच्या घराचं छप्परसुद्धा वरून दिसतंय!"

मग आम्ही पुलावर आलो. येताना पुलाने सोसलं होतं. जाताना मधोमध आलो आणि खालून आवाज आला, दार करकरत बंद होतं तसा, पण लांबच लांब. गाडी पुढून एकदम खाली बसली. ट्रॉयने दात आवळून इंजिन रेटलं. आम्ही पलीकडे गेलो. मागे वळून पाहिलं, तर पुलाची कंबर खचलेली होती.

ट्रॉयचा चेहरा पांढरा पडला होता.

"जुनाच झाला होता तो," ऑर्लिन त्याला म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "आज ना उद्या जाणारच होता."

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो आला: वृद्ध दांपत्याची पुरातून सुटका. फोटोत मी अशी दिसतेय की मला पकडून नेतायत.

पाणी ओसरलं. काउंटीची माणसं आली, खाली वाकून पाहून गेली, आणि दोन्ही तोंडांना काँक्रीटचे ठोकळे टाकून पूल बंद केला. चालत गेलं तर चालेल, म्हणाले, गाडी नाही. आणि गावाला जायचा आमचा रस्ता दोन मैलांचा एकोणीस मैलांचा झाला. उत्तरेला पार हमरस्त्यापर्यंत जायचं आणि वळसा घालून परत यायचं. रात्री मनातल्या मनात मी तो नवा रस्ता चालायचा प्रयत्न केला. अर्ध्यावरच उठून बसायची आणि ऑर्लिनचा श्वास ऐकायची.

ऑगस्टात सभा बोलावली. काउंटीच्या मंडळाचे अध्यक्ष डेल्बर्ट आमच्या वर्गातले. ऑर्लिन, डेल्बर्ट आणि मी एकाच वर्षी शाळेतून बाहेर पडलो. सभागृहात खुर्च्या मांडल्या, कॉफी झाली, बायकांनी चॉकलेटच्या वड्या आणल्या. मीही आणल्या. गावाचं भांडण असलं तरी आमच्याकडे हातात ताट लागतंच.

डेल्बर्टने सरळ मांडलं. "दोन मार्ग आहेत. एक, लहान पूल. एकेरी, हलका. आपलीच माणसं बर्फ पडायच्या आत उभा करतील. मोटारी जातील, अँब्युलन्स जाईल. ट्रक, हार्वेस्टर नाही. दुसरा, मोठा. दुपदरी, चाळीस टनांचा. त्याला राज्याचा पैसा लागेल, मोजणी होईल, मंजुऱ्या येतील. तीन वर्षं, कदाचित चार."

"आणि दोन्ही नाही होणार?" कोणीतरी विचारलं.

"लहान बांधला तर मोठ्याची गरज संपली असं राज्य धरतं. एकच."

लोक बोलू लागले. वेन म्हणाला, ओढ्यापलीकडची जमीन कसायची तर यंत्र न्यायला रस्ता हवा. हे खरं होतं. आमचीही जमीन तोच कसतो. बंबवाला म्हणाला, लहान पुलावरून आमचा नवा बंब जाणार नाही. मग ट्रॉय उठला. उन्हाळाभर तो आमच्याकडे बघायचं टाळत होता.

"माझीही गाडी आहेच," तो म्हणाला, आणि मागे कोणीतरी खुदकन हसलं. "हसा. पण उद्या खरंच काही झालं, तर मला पलीकडे जाता यायला हवं."

मला राहवेना. मी उभी राहिले. ताटं वाढायची सवय मला, भाषणं द्यायची नाही. मी म्हटलं, "ऑर्लिनचं हृदय तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर म्हणाले मिनिटांचा खेळ आहे. चार वर्षं आम्ही काय करायचं, एवढं मला कोणीतरी सांगा."

वेनने मान खाली घातली. ही माणसं वाईट नाहीत हो. त्या क्षणी त्या खोलीतला एकेक जण लहान पुलाला हात वर करायला तयार होता. मला ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. डेल्बर्टने चष्मा काढला आणि म्हणाला, "ऑर्लिन, राहतोस तू तिथे. तू सांगशील तसं करू."

ऑर्लिन उठला. टोपी हातात घेतली आणि गोल गोल फिरवायला लागला. तेव्हाच मी ओळखलं, कारण टोपी फिरवायला लागला की हा माणूस काहीतरी सोडून द्यायच्या बेतात असतो.

"आर्डिस काळजी करते," तो म्हणाला. "माझं इंजिन वेनच्या ट्रॅक्टरपेक्षा बरं चालतं." सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. "बांधायचाय तर पूल मोठाच बांधा. आम्हा दोन म्हाताऱ्यांसाठी सगळ्या गावाला कशाला अडवून धरायचं?"

मी त्याच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. तो हसत उभाच होता.

हात वर झाले. मोठ्याला. माझा एकटीचा खाली होता, आणि तो कोणी पाहिला नसेल तर नवल, कारण मी हाताची घडी घालून ताठ बसले होते.

परतीच्या एकोणीस मैलांत भांडायला भरपूर वेळ मिळतो. मी म्हटलं, "लाज वाटली ना तुला? स्वतःसाठी मागायची लाज वाटली!"

"तसं नाही गं."

"मग कसं? ते देत होते, ऑर्लिन! ताटात वाढून देत होते!"

"त्यांनी दया म्हणून दिला असता," तो म्हणाला. "मग जन्मभर त्या पुलावरून जाताना मला वाटलं असतं, वेन माझ्यामुळे लांबून जातोय."

"वाटू दे की! जिवंत राहून वाटू दे!"

समोरून कोणाचा तरी पिकअप आला. ऑर्लिनने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून त्याला नमस्कार केला, आमच्याकडे करतात तसा. मग म्हणाला, "आणि खरं सांगू? चाळीस टनांचा पूल बघायला मला आवडेल." मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि घर येईपर्यंत वळले नाही.

ऑक्टोबरात कापणी चालू होती. दुपारचं जेवण होऊन गेलं होतं. मी भांडी विसळत होते. ऑर्लिन शेडमधून आला आणि मागच्या पायरीवर बसला. बूट काढायला लागला आणि काढेनाच.

"काय झालं?"

"काही नाही. जरा बसतो."

चेहरा राखेच्या रंगाचा. कपाळावर घाम, आणि बाहेर तर थंडी. मी फोन उचलला. शेरिफच्या ऑफिसात फोनवर बॉनी असते.

"बॉनी, ऑर्लिन. पुन्हा."

"निघालीच, आर्डिस. अँब्युलन्स निघालीच. हमरस्त्याने येतेय."

हमरस्त्याने. कापणीच्या दिवसांत. एखादा हार्वेस्टर पुढे असला की मागच्याला मैलभर वाट मिळत नाही. मी म्हटलं, "तिला पुलापाशी पाठव. मी याला तिथे आणते."

"पूल बंद आहे गं."

"मला माहीत आहे बंद आहे, बाई! माझ्याच दारातला आहे तो!"

त्याला ब्युइकमध्ये कसा घातला, देव जाणे. बुटकी गाडी म्हणून जमलं, नुसता सरकवला. वाटेत तो म्हणाला, "आर्डिस, बूट चिखलाचे आहेत, सीट..." मी म्हटलं, "गप्प बस, गाढवा!" माझे त्याच्याशी शेवटचे म्हणावेत असे शब्द हेच. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्याला कळलं मी काय म्हणतेय ते.

पुलापाशी आले. पलीकडे कोणी नाही. अँब्युलन्स अर्ध्या वाटेत होती आणि अरुंद रस्त्यावर वळवायला तिला जागा सापडत नव्हती, हे मला मागून कळलं. मी हॉर्न दाबून धरला. त्या मोकळ्या रानात हॉर्न वाजतोय आणि ओढ्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, कोठाराची टाकी उन्हात चमकतेय. त्या दिवशी त्या टाकीचा मला जेवढा राग आला, तेवढा माणसाचा कधी आला नाही.

मग ट्रॉयचा पिकअप धूळ उडवत आला. दार उघडंच टाकून तो ठोकळ्यावरून उडी मारून धावत सुटला. खचलेल्या पुलावरून, पडेल की राहील हे न बघता. ब्युइकमधून त्याने ऑर्लिनला उचललं, लहान मूल उचलतात तसं, दोन्ही हातांवर.

"ट्रॉय," ऑर्लिन म्हणाला. आवाज असा, की मला वाकून ऐकावा लागला. "पाठ सांभाळ."

आम्ही पूल ओलांडला. तो पुढे, मी त्याच्यामागे ऑर्लिनची टोपी घेऊन. पलीकडे पिकअपचं दार उघडं होतं आणि सीट ट्रॉयच्या छातीएवढी उंच. त्याला ऑर्लिनला वर चढवता येईना. एकदा टेकवला, घसरला. पुन्हा. मी खालून पाय ढकलतेय, तो वरून काखेत धरून ओढतोय, आणि ऑर्लिनचं डोकं मागे पडतंय. एका साध्या मोटारीत माणूस नुसता बसवता येतो हो! कसाबसा घेतला. मग मला चढता येईना. ट्रॉयने मलाही कमरेला धरून आत टाकलं.

उरलेला रस्ता ट्रॉयने कसा काढला मला आठवत नाही. दवाखान्याच्या दारात ते चाकांची खाट घेऊन उभेच होते. पण मी त्याचा हात धरून बसले होते, आणि कोठारापाशीच तो हात सैल पडला होता. मी ट्रॉयला सांगितलं नाही. त्याला चालवू दिलं.

आमची दफनभूमी ओढ्याच्या आमच्या बाजूला, टेकाडावर. प्रार्थना गावातल्या चर्चमध्ये झाली, आणि मग शवपेटी न्यायची गाडी एकोणीस मैलांच्या वळशाला लावायची, असं ठरत होतं. वेनने टोपी घातली आणि म्हणाला, "मी नाही फिरवणार त्याला एवढा." काही चर्चा झाली नाही. ओढ्यापर्यंत गाडीने नेलं, आणि तिथून माणसांनी शवपेटी ठोकळ्यांवरून उचलली आणि खांदे बदलत पुलावरून चालत नेली. मागे सगळं गाव. डेल्बर्ट, बॉनी, बंबवाला, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. पूल हललासुद्धा नाही.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण. हॅमचे सँडविच, बटाटा-चीज, किसलेलं गाजर घातलेली नारिंगी जेली. ट्रॉय माझ्या शेजारी येऊन बसला. ताटाला हात लावला नव्हता. "मी आणली ती गाडी," म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस हमसून रडायला लागला. आता याला काय म्हणायचं? मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "जेव." मला इतका थकवा आला होता की राग धरायला अंगात बळ नव्हतं. रागसुद्धा उभ्याने धरावा लागतो.

डेल्बर्ट आला, पाठोपाठ वेन आणि आणखी दोघे-तिघे. हातात कॉफीचे कप, सगळे अवघडलेले. डेल्बर्टने घसा साफ केला.

"आर्डिस, आम्ही बोललो आपापसांत. नवा पूल होईल ना, त्याला ऑर्लिनचं नाव द्यायचं. ऑर्लिन क्वामे पूल. मोठी पाटी लावू. तुझी हरकत नसली तर."

सगळे माझ्याकडे बघत होते. ट्रॉयसुद्धा, लाल डोळ्यांनी. जिभेवर किती होतं म्हणून सांगू! तुमचे चाळीस टन घाला चुलीत, त्या माणसाला एक ब्युइक जाईल एवढी फळी हवी होती. तुम्ही देत होतात आणि तो घेत नव्हता, तर त्याला न विचारता द्यायची होती. सगळं होतं, शब्दन् शब्द तयार होता. आणि सगळे असे उभे होते, कप दोन्ही हातांत धरून.

"कशाला त्रास घेताय," मी म्हटलं.

डेल्बर्ट म्हणाला, "त्रास कसला त्यात."

"मग लावा," मी म्हटलं. "त्याला आवडेल."

आणि खरंच आवडलं असतं. स्वतःच्या नावाच्या चाळीस टनांच्या पुलाखाली वाकून तो त्याच्या तुळया मोजत बसला असता, आणि मला त्याला पट्ट्याला धरून मागे ओढावं लागलं असतं. मी उठले आणि रिकामी ताटं गोळा करायला लागले. बायका म्हणाल्या, आर्डिस, तू बस, आज तू नको. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी म्हटलंच नाही.